हवामान झालंय

थंडी पडली की माझं डोकं फिरतं. लोकांना हुरडा आठवतो, कोवळं ऊन आठवतं; मला भांडणं आठवतात. नाशकात गंगापूर रोडला सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या डोक्यांवर कानटोप्या चढल्या, की आता पेपरात निफाड येणार हे मी ओळखून असते. आणि येतंच. द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोटीचा फोटो, पानावर गोठलेल्या दवाचा फोटो आणि वर ठळक अक्षरांत पारा घसरल्याची बातमी. निफाडबद्दल माझी काही तक्रार नाही, माझं माहेरच तिकडचं. तक्रार आहे ती आमच्या इमारतीतल्या कुलकर्णींबद्दल. बँकेतून निवृत्त झालेला सज्जन माणूस, पण थंडीत तो पेपरची घडी काखेत मारून खाली येतो आणि मला नेमका फाटकापाशी गाठतो.

"काय बाई, कुठं गेली तुमची तापमानवाढ? आम्ही तर दोन-दोन स्वेटर घालून बसलोय."

त्यातल्या 'तुमची' या शब्दाची मला चीड आहे. जणू मीच ती माहेराहून येताना पिशवीत घालून आणली. मी नाशिक रोडच्या एका शाळेत सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली, एवढाच काय तो माझा गुन्हा. मी "बघा ना" म्हणून हसते आणि पुढचा सगळा फेरा मनातल्या मनात त्यांना उत्तर देत चालते. एका गावची एका पहाटेची थंडी वेगळी, साऱ्या पृथ्वीचा वर्षानुवर्षांचा ताप वेगळा. उत्तर देता देता माझा वेग वाढतो, दम लागतो, आणि घरी पोचेपर्यंत वाद मी जिंकलेला असतो. कुलकर्णींना अर्थात त्यातलं काही कळलेलं नसतं. ते तोवर पोहे खाऊन आमच्या इमारतीच्या ग्रुपवर हिमयुग येणार असल्याचा व्हिडिओ टाकून मोकळे झालेले असतात. त्याखाली कुणीतरी हात जोडतं, कुणीतरी 'सगळं कंपन्यांचं कारस्थान' असं लिहितं आणि कुणीतरी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात म्हणतं.

खरं तर घोळ सगळा शब्दाचा आहे. पाठ्यपुस्तकात दोन शब्द आहेत, हवा आणि हवामान. हवा म्हणजे आत्ताची, इथली, आजची स्थिती. हवामान म्हणजे एखाद्या प्रदेशाची कित्येक वर्षांची सरासरी प्रकृती. 'फरक स्पष्ट करा' म्हणून हा प्रश्न परीक्षेला हटकून यायचा, आणि पोरी हटकून चुकायच्या. एकीनं लिहिलं होतं, 'हवा टायरमध्ये भरतात, हवामान मोबाईलवर येते.' मी तिला गुण दिले नाहीत, पण स्टाफरूममध्ये तो पेपर सगळ्यांना वाचून दाखवला. शेवटी मी वर्गात सांगायला लागले, "वंदना आज चिडली आहे, ही झाली हवा. वंदना चिडखोर आहे, हे झालं हवामान." सगळा वर्ग हसून वंदनाकडे बघायचा, वंदना चिडायची, आणि फरक कायमचा डोक्यात बसायचा. दर वर्षी वर्गात एक वंदना मिळायची.

पण शाळेच्या फाटकाबाहेर असं कोण बोलतं? बाहेर हवा निवडणुकीत कुणाची तरी असते, नाहीतर कुणाच्या तरी डोक्यात जाते. आणि हवामान म्हणजे आजचंच. खातं हवामानाचं, अंदाज हवामानाचा, सगळं आज-उद्याचं. आमच्या माहेरी तर त्या शब्दाचा अर्थ आणखी आखूड होऊन बसलाय. तिकडं 'हवामान झालंय' म्हणजे ढग आलेत. चांगलं हवामान, वाईट हवामान असं काही नसतं. हवामान झालं म्हणजे वाईटच. आकाश निरभ्र असेल तर त्याला कुणी नावच ठेवत नाही. माझा थोरला भाऊ अण्णा, त्याला मी फोनवर विचारते, "कसं चाललंय?" तो म्हणतो, "हवामान हाय." बस. द्राक्षाच्या गावात थंडीच्या दिवसांत एवढे दोन शब्द पुरेसे असतात.

ही द्राक्षं म्हणजे नको तितकी लाडावलेली पोर आहे. फुलोऱ्यात पाणी लागलं की कुजतात, मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी पिकायला लागल्यावर, पाऊस झाला की तडकतात, थंडी फार झाली की फुगत नाहीत, मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या. लहानपणी मला त्या धुराचा वास इतका आवडायचा की शाळेत जाताना मी मुद्दाम बागेतल्या वाटेनं जायची. दप्तराला वास लागायचा. तेव्हा आमच्या घरी थंडीची भीती होती, पण थंडीत पावसाची भीती कुणाला आठवत नाही. कधीतरी यायचा. आला की त्याची गोष्ट व्हायची, ती पुढं कित्येक वर्षं सांगितली जायची. हल्ली गोष्ट होत नाही. हल्ली गेल्या खेपेचा पाऊस कोणता आणि त्याआधीचा कोणता, यावरच नवरा-बायकोत वाद होतात.

मला ज्या थंडीबद्दल बोलायचंय ती काही वर्षांपूर्वीची. अण्णाची मुलगी प्राजक्ता तेव्हा शेतीची पदवी घेऊन घरी आली होती. पुण्याच्या एका कंपनीनं तिला नोकरीला बोलावलं होतं आणि तिनं त्यांना थोडं थांबायला सांगितलं होतं. थांबायचं कारण विहिरीपलीकडचं रान. तिथं नवी बाग लावायची असं अण्णाच्या मनात होतं, आणि ती बाग प्राजक्तानं सांभाळायची. पोरीच्या नावानं बाग, हे आमच्या भावकीत आजवर कुणी ऐकलं नव्हतं. चर खणून झाले होते, शेणखत पसरून झालं होतं, दोऱ्या धरून ओळी आखल्या होत्या. रोपं तेवढी आणायची होती. प्राजक्ता संध्याकाळी त्या रिकाम्या ओळींमधून मोबाईलवर बोलत फिरायची, तेव्हाच ती मालकिणीसारखी दिसायची. वहिनी तिला म्हणायच्या, "अगं, खड्ड्यात पडशील." ती म्हणायची, "माझेच खड्डे आहेत."

आता बाग म्हणजे काही मेथी-कोथिंबीर नव्हे. एकदा लावली की पंधरा-वीस वर्षांचा संसार. मांडव, तारा, ठिबक, सगळं त्याच हिशेबानं करायचं. कांदा लावणाऱ्यानं आजची हवा बघितली तरी भागतं. बाग लावणारा हवामानावर पैज लावतो, पुस्तकातल्या हवामानावर. मी वर्गात हे उदाहरण कधी दिलं नाही, मला सुचलंच नाही.

त्या पौषात ढग आले आणि हलेचनात. गावातली सगळी माणसं मान वर करून चालत होती. फवारणीचे ट्रॅक्टर दिवसभर घरघरत होते, तोंडाला रुमाल बांधलेले चेहरे ओळखू येत नव्हते, पानांवर औषधाचा निळसर थर बसला होता आणि भाकरीलाही तोच वास. अशा दिवसांत गावातल्या एका मंडळानं मंगल कार्यालयात कार्यक्रम ठेवला. माहेरची शिकलेली लेक म्हणून मलाही व्यासपीठावर बोलावलं होतं. वेशीवर मोठा फलक लागला, 'हवामान बदल : चर्चासत्र'. बाजूला द्राक्षाच्या घडाचं चित्र आणि कार्यकर्त्यांचे नेहमीचे फोटो.

कार्यालय गच्च भरलं. लग्नाला येत नाहीत तेवढी माणसं आली. फवारणी अर्धी टाकून, तसेच चिखलाचे पाय घेऊन आली. बायका आल्या. खुर्च्या कमी पडल्या म्हणून जेवणाच्या पंक्तीच्या सतरंज्या अंथरल्या. पुण्याहून एक शास्त्रज्ञ बोलावले होते, सगळे त्यांना डॉक्टर म्हणत होते. मागच्या रांगेत एकानं विचारलं, "कशाचे डॉक्टर?" दुसरा म्हणाला, "हवेचे." डॉक्टर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "गावाकडे या विषयाची एवढी जाणीव असेल असं वाटलं नव्हतं मला." माझी छाती फुगली. माझं गाव, म्हटलं.

भाषण सुरू व्हायच्या आधीच पुढच्या रांगेतले एक म्हातारे उठले. "साहेब, आधी येवढं सांगा. बदल कधी?"

डॉक्टर खूश झाले. "बदल सुरू झालेला आहे, बाबा."

म्हाताऱ्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "कुठं? सकाळी होतं तसंच हाय की."

"तसं एका दिवसात दिसत नाही ते. तीस-चाळीस वर्षांचा काळ बघावा लागतो."

"चाळीस वर्षं?" म्हातारे खाली बसता बसता म्हणाले, "तवर माल ऱ्हाईल का?"

मला तेव्हा कळलं, आणि मी पदर तोंडाला लावला. सगळं गाव फलक वाचून आलं होतं. हवामान झालंय, ते बदलणार कधी, हे सांगायला पुण्याहून कुणी डॉक्टर येतोय, अशी त्यांची समजूत झाली होती. ढग कधी जाणार, एवढंच त्यांना हवं होतं. फलक लिहिणाऱ्याची चूक नाही, वाचणाऱ्याचीही नाही. एकाच शब्दात आम्ही दोन गोष्टी कोंबल्या आणि दोघांनी आपापली उचलली. पाच-दहा मिनिटांत निम्मी माणसं हळूच उठून ट्रॅक्टरकडे गेली. बाकीची बसली, कारण चहा यायचा होता.

डॉक्टर मात्र खरंच चांगलं बोलले, अगदी आजही मला तसंच वाटतं. समुद्र तापतोय, तापलेली हवा जास्त बाष्प धरून ठेवते, ते मग नको तेव्हा आणि नको तिथं रिकामं होतं, हे त्यांनी चुलीवरच्या पातेल्याच्या वाफेपासून सांगितलं. माणसानं जाळलेला कोळसा, तेल, त्याचा धूर आणि ही वाढ यांचा संबंध कसा तपासला, कसकशी शंका घेऊन तपासला, तेही सांगितलं. मग म्हणाले, "समजा डाळीत खडे वाढलेत. कोणत्या घासात दाताखाली येईल ते मी सांगू शकत नाही. पण खडे वाढलेत, हे मी पोतं चाळून सांगतोय."

मला हे फार आवडलं. मी मान डोलवत होते. तेवढ्यात भाऊसाहेब उठले.

भाऊसाहेब म्हणजे आमचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. अण्णाच्या बरोबरीचे, गावातले पुढारी, तोंडानं फटकळ आणि मनानं मोकळे. माझ्या लग्नात वाढप्यांवर ओरडायचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांनी माईक घेतलाच नाही, गरज नव्हती. "डॉक्टरसाहेब, माझ्या आज्ज्याच्या टायमाला गारांनी घराची कौलं फुटली. तेव्हा कुठं होता तुमचा धूर? खडे तेव्हाबी होते. पण तेव्हा लोकांना दात होते." सगळं कार्यालय हसलं. "तुम्ही म्हणता, सांगता येत नाय. मग मी सांगतो. बागा लावा. द्राक्षानं या गावाला घरं दिली, पोरांना शिकवलं. असे ढग लय बघितले आपण."

टाळ्या पडल्या. चांगल्या जोरात पडल्या, आणि मला राग आला तो भाऊसाहेबांचा नाही, डॉक्टरांचा. त्यांनी उठून तितक्याच ठसक्यात बोलायला हवं होतं. ते उठले आणि म्हणाले, "तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. नैसर्गिक चढउतार असतातच. पण शक्यता अशी आहे की..." शक्यता म्हटल्याबरोबर माणसं चहाच्या किटलीकडं बघायला लागली. या माणसाला इतकं माहीत होतं की प्रत्येक वाक्यापाशी थांबून आपल्याला काय माहीत नाही तेही तो सांगत होता. शास्त्रात त्याला प्रामाणिकपणा म्हणतात. मंगल कार्यालयात त्याला 'याला काय ठाऊक नाय' असं म्हणतात. मी नंतर बोलले, वंदनाचं उदाहरण दिलं, लोक हसले, टाळ्याही वाजवल्या. पण भाऊसाहेबांना मिळाल्या तेवढ्या नाही, हे मी मोजत होते. मला ते तेव्हाही लाजिरवाणं वाटलं आणि तरी मी मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढग थोडे पांगले आणि गारठा पडला. अण्णानं बागेच्या कडेला शेकोटी केली. तो, प्राजक्ता आणि मी हात शेकत उभे होतो. वहिनी चहा देऊन परत गेल्या. अण्णा काही वेळ पाचट ढकलत राहिला, मग म्हणाला, "भाऊसाहेब म्हणतो लाव. तुझा डॉक्टर म्हणतो शक्यता हाय. तू येवढी वर्षं हेच शिकवलंस ना? मग तू सांग. हे पुन्हा पहिल्यासारखं होईल का नाय?"

असं सरळ मला कुणी कधी विचारलं नव्हतं. कुलकर्णी विचारतात ते मला डिवचायला. पोरी विचारायच्या त्या गुणांसाठी. अण्णाला खरंच उत्तर हवं होतं आणि ते उत्तर ऐकून तो काहीतरी करणार होता. प्राजक्ता माझ्याकडं बघत नव्हती.

"नाही होणार, अण्णा," मी म्हणाले. "वाढतच जाईल. पोरीला पंधरा वर्षं यात बांधून घालू नकोस."

यातलं पहिलं वाक्य डॉक्टरांचं होतं, आणि आजही त्यात काना-मात्रा बदलावा असं मला वाटत नाही. शेवटचं वाक्य आत्याचं होतं. ते कुठल्याही शास्त्रात नाही. तापतंय, हे शास्त्र सांगतं. मग तुम्ही काय करायचं, ते तुमचं तुम्ही बघा म्हणतं. मी दोन्ही एका दमात बोलले, आणि अण्णानं दोन्ही एकाच वजनाची म्हणून घेतली. मी गप्प राहिले असते तरी त्यानं काहीतरी ठरवलंच असतं, असं मी स्वतःला सांगते. ते खरंही असेल.

प्राजक्ता हळूच म्हणाली, "वरून प्लास्टिक टाकता येतं, आत्या. आम्ही शिकलोय ते."

"सगळ्या बागेवर?" अण्णानं विचारलं. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, नुसतं विचारलं. ती पाय आपटत घरी गेली आणि तिनं पुण्याला फोन लावला. महिन्याभरात चर बुजले आणि विहिरीपलीकडं उन्हाळी कांदा लागला; हंगाम संपल्यावर म्हातारी झालेली जुनी बागही निघाली. प्राजक्ता आता पुण्यात एका कचेरीत बसून फोनवर शेतकऱ्यांना कोणती फवारणी कधी करायची ते सांगते. परवा म्हणाली, "आत्या, लोक मला विचारतात, मॅडम, तुमची बाग किती?" आणि हसली. मला त्या हसण्याचं काय करावं कळलं नाही.

आणि मग पुढची थंडी लागली ती अशी देखणी, की काय सांगू. आकाश नुसतं घासून ठेवलेल्या पातेल्यासारखं. ढगाचं नाव नाही. त्याच्या पुढची थंडीही तशीच. गावाला असा माल बऱ्याच वर्षांत आला नव्हता. भाऊसाहेबांनी तर जीप घेऊन गंगापूर रोडला माझं घर शोधत द्राक्षांची पेटी आणून दिली. दारातच म्हणाले, "घ्या बाई. हवामान बदलाची द्राक्षं." कुचकटपणा नव्हता हो त्यात, चांगली गोड द्राक्षं होती, त्यांनी स्वतः निवडून आणलेली. मी चहा केला, त्यांनी दोन कप घेतले, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. ते गेल्यावर मी ती पेटी कुलकर्णींच्या घरी देऊन टाकली.

अण्णा कधी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मला मांडणी तयार होती: दोन चांगल्या थंड्यांनी काही सिद्ध होत नाही, पोतं बघ, घास बघू नकोस. पण ज्याच्या बांधापलीकडं घड लोंबताहेत आणि ज्याची पोर पुण्याला भाड्याच्या खोलीत राहते, त्याला पोतं बघ म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? एकदा वहिनी फोनवर म्हणाल्या, "प्राजू असती तर..." आणि मग एकदम कांद्याच्या भावावर आल्या.

तेव्हापासून माझी एक खोड सुरू झाली. मी ढगांची वाट बघायला लागले. मोबाईलवर उपग्रहाचं चित्र उघडायचं, अरबी समुद्रावर काही पांढरं जमतंय का ते बोटांनी मोठं करून बघायचं, गॅलरीत जायचं, परत यायचं, परत उघडायचं. अंदाजात पाऊस दिसला की मला हुशारी वाटायची. तो बगल देऊन गुजरातेत गेला की दिवसभर चिडचिड. मी स्वतःला सांगत असे की ही काळजी आहे. काळजी नव्हती. मला पाऊस हवा होता. माझ्याच माहेरच्या बागांवर, मण्यांत पाणी उतरलेलं असताना, मला तो हवा होता, म्हणजे मग एकदाचं कुणीतरी म्हणालं असतं की मंदा बरोबर बोलली होती.

असं होतं माणसाचं, वाद फार वर्षं चालला की. जग तापू नये म्हणून आपण बोलायला लागतो आणि पुढं पुढं ते तापल्याचा पुरावा मिळाला की आपल्याला बरं वाटायला लागतं. पलीकडच्यांना एक गारठलेली सकाळ पुरते, आपल्याला एक पूर. ग्रुपवर कुठल्यातरी देशातल्या वणव्याची चित्रफीत मी स्वतः टाकली आहे, खाली 'आता तरी?' असं लिहून. जळणाऱ्या घरांकडं बघताना माझ्या मनात कुलकर्णी होते.

यंदाच्या थंडीत तो पाऊस आला. दुपारी नाशिक रोडहून रिक्षानं परत येताना द्वारका चौकात नेहमीसारखी कोंडी झाली होती. भोंगे, धूर, कुणीच कुणाला जागा देत नव्हतं. रिक्षाच्या टपावर टपटप वाजायला लागलं. रिक्षावाला बाहेर हात काढून म्हणाला, "घ्या. भर थंडीत. काय कलियुग आलंय बघा." माझ्या छातीत आनंदाची एक उसळीच आली. अगदी लहान मुलीला यावी तशी. मी हातही बाहेर काढला, थेंब झेलले. आणि मग भाऊसाहेबांची बाग डोळ्यांपुढं आली. घडांत पाणी उतरलेलं, पातळ साल, आणि ते स्वतः डोक्यावर पोतं घेऊन ओळींमधून धावताहेत. पाऊस चांगला दणकून झाला. कोंडी सुटली तरी मला घरी जाऊ नये असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला गेले नाही. कुलकर्णींना भेटायची भीती नव्हती, उलट आज मला जिंकायचं होतं तेवढं जिंकता आलं असतं. तेच नको होतं. मी अण्णाला फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला. मागं पंख्यासारखी मोठी घरघर ऐकू येत होती.

"कुठं आहेस?"

"भाऊसाहेबाच्या बागेत. पाणी झटकायचं यंत्र लावलंय. माणसं मिळंनात, सगळ्यांचंच तसं झालंय." तो थोडा लांब आला असावा, घरघर कमी झाली. "मणी तडकलेत गं. हात लावला की फुटतात. भाऊसाहेब बोलतच नाय काही. मघाशी बांधावर बसला होता नुसता."

"वाईट झालं," मी म्हणाले.

"लय वाईट झालं."

तरी त्यानं फोन ठेवला नाही. तो काय ऐकत होता ते मला कळलं. माझ्या आवाजात आणखी काही आहे का, हे तो ऐकत होता.

"मंदा, एक विचारू? खरं सांगशील?" अण्णा म्हणाला. "काल पाऊस आला तेव्हा बरं वाटलं का तुला?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी गॅलरीत उभी होते, खाली रस्ता अजून ओला होता आणि कानटोप्या घातलेली माणसं डबकी चुकवत चालली होती.

"थोडं," मी म्हणाले.

पलीकडं कुणीतरी अण्णाला हाक मारली.

"मलाबी," अण्णा म्हणाला, आणि फोन ठेवून पुन्हा भाऊसाहेबांच्या बागेत गेला.